गोधडीत गुंडाळलेलं नरडं

माझ्या घरमालकांची जगाबद्दल एकच तक्रार होती. जग सामान ठेवत नाही, टाकतं.

गारखेड्यात त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या आहेत असं कळल्यावर मी बघायला गेलो, तेव्हा हातात एक बॅग होती. बोलता बोलता ती मी ओट्यावर टेकवली. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, बॅगेकडे बघितलं. "ठेवली," असं स्वतःशीच म्हणाले आणि किल्ली आणायला आत गेले. माझ्याआधी बँकेतले एक गृहस्थ खोल्या बघून गेले होते. नोकरी कायम, माणूस निर्व्यसनी. पण त्यांनी हेल्मेट काढून ओट्यावर आदळलं होतं, म्हणून त्यांना नकार मिळाला, असं घरमालकीण काकूंनी सांगितलं. पुढे एकदा त्या गृहस्थांची गाठ पडली. त्यांनी दुजोरा दिला.

मी तेव्हा औरंगाबादेत एका दैनिकात उपसंपादक होतो. आमचं दैनिक घरमालकांकडे येत असे, पण पोऱ्याला ते अंगणात भिरकावायची परवानगी नव्हती. सायकल लावून, फाटक उघडून, हातात द्यावं लागे. गॅसवाला यायच्या आधी दारात दुहेरी तरट अंथरलेलं असे. लग्नात अक्षता पडल्या की हे गृहस्थ आहेराच्या टेबलाशी जाऊन वरची जड खोकी खाली आणि खालची हलकी वर करत. यजमानांना वाटे, हे कुणीतरी मुलीकडचे जबाबदार नातेवाईक असावेत.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "तुमच्या पेपरात तुमचं काम काय?"

मी सांगितलं.

"कागद चांगलाय. वाचत नाय मी, पण गुंडाळायला लई चांगलाय."

आमच्या दैनिकाविषयी मला मिळालेली ही पहिली प्रामाणिक प्रतिक्रिया.

या स्वभावाचं मूळ पाण्यात होतं. ते फुलंब्रीजवळच्या एका खेड्यातले. विहिरीवर पोहायला शिकवताना त्या भागात पोराच्या पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधतात, म्हणजे पोर बुडत नाही. हेही तसेच शिकले. मग पाटबंधारे खात्यात लागले आणि धरणाच्या दारांच्या देखभालीवर आले. एकदा दारं तपासायला मुंबईहून पाणबुड्या आला. यांनी दोर धरायचा, एवढंच काम साहेबांनी नेमून दिलं होतं. हे दोर धरून प्रश्न विचारत राहिले. पाणबुड्या कंटाळला की खूश झाला, ते माहीत नाही, पण जाण्याआधी त्याने आपली उपकरणं त्यांच्या अंगावर चढवून त्यांना गढूळ पाण्यात खाली नेऊन आणलं. वर आल्यावर ते म्हणाले ते वाक्य पुढे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की ते मला पाठ झालं: "पाठीला डबा बांधून तरंगायला शिकलो होतो. आता पाठीला डबा बांधून बुडायला शिकलो."

निवृत्तीनंतर त्यांनी एकच चैन केली. पाण्याखाली श्वास घ्यायची उपकरणं विकत घेतली आणि वर्षातून एकदा विमानाने अंदमानला जाऊन समुद्रात उतरायला सुरुवात केली. हवेची टाकी तिथं भाड्याने मिळे. बाकीचं ते स्वतःचं नेत. चष्मा, पायाची वल्ही, फुगणारं जाकीट आणि मुख्य म्हणजे रेग्युलेटर. टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं ते यंत्र, त्याच्या काळ्या नळ्या, दाब दाखवणारी घड्याळं आणि दातात धरायची रबरी पकड. या सगळ्याला ते 'नरडं' म्हणत. "खाली गेल्यावर आपलं नरडं कामाचं नाय. हेच नरडं. याला मार लागला म्हणजे मला लागला." भाड्याचं रेग्युलेटरही तिथं मिळे. पण दुसऱ्याने दातात धरलेल्या वस्तूवर आपला जीव टांगायला ते तयार नव्हते.

औरंगाबादला समुद्र नाही. समुद्रात उतरायचं, तर आधी नरडं मुंबई आणि चेन्नई अशी विमानं बदलून पोर्ट ब्लेअरपर्यंत धड पोचलं पाहिजे. बुडण्याची भीती त्यांना कधीच वाटली नाही. भीती वाटे ती विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्याची.

पहिल्या खेपेला त्यांनी या कामासाठीच मिळणारी कडक काळी पेटी घेतली होती. तिच्यावर परदेशी कंपनीचं नाव, कुलूप आणि 'नाजूक' अशी लाल चिठ्ठी. पोर्ट ब्लेअरला पेटी पट्ट्यावर आली तेव्हा कुलूप कापलेलं होतं. पाण्याची खोली सांगणारं मनगटी घड्याळ गेलं होतं, सुरी गेली होती आणि चष्म्याची काच तडकली होती. नरडं मात्र शाबूत होतं. यावरून त्यांनी दोन निष्कर्ष काढले. पेटीवर किंमत लिहिली की चोराला वाचता येते आणि 'नाजूक' लिहिलं की हमालाला. दुसऱ्या निष्कर्षाबाबत हमालांची बाजू मला कळू शकली नाही.

पुढच्या खेपेला त्यांनी नरडं हातातल्या पिशवीत नेलं. सुरक्षा तपासणीत नळ्या आणि घड्याळं पडद्यावर दिसली आणि त्यांना बाजूला घेतलं गेलं. हे काय आहे, असं जवानाने हिंदीत विचारलं. "मेरा गला है," असं यांनी सांगितलं. मग वरिष्ठ आले. वापरून दाखवा, म्हणाले. यांनी रबरी पकड दातात धरून जोरात श्वास ओढला. टाकी जोडलेली नसली की त्यातून हवा येत नाही. यांचा चेहरा लाल झाला, डोळे बाहेर आले. वरिष्ठांनी शांतपणे बघून घेतलं आणि म्हणाले, "ये तो चलता नहीं." सामान सोडून दिलं, पण हा शेरा त्यांच्या मनाला लागला. चार लोकांत नरड्याची बेअब्रू झाली होती. ते पुन्हा त्या रांगेत न्यायचं नाही, असं ठरलं.

म्हणजे आता ते विमानाच्या पोटातूनच जाणार होतं. तेव्हा पेटी अशी हवी की बाहेरून कुणाला नको वाटावी आणि आतून आईने भरल्यासारखी असावी. त्यांनी गुलमंडीजवळच्या एका गादीवाल्याला गाठलं. बशीरभाई नाव. त्याच्याकडून विटक्या पट्ट्यांच्या गादीच्या कापडाची, सरकारी इस्पितळातली वाटावी अशी वळकटी शिवून घेतली. आत घालायला रजाईचे तुकडेही सांगितले. बशीरभाईने नरडं हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं.

"साब, इसको रजाई कायकू? इसको क्या सर्दी होती?"

"सर्दी नाय. मार लागतो."

"हौ. फिर रुई डबल डालता मैं."

पण बशीरभाईची रुई नवी असली की तिचे तंतू सुटत आणि नळीच्या तोंडाशी चिकटत. चितेगावच्या एका कारखान्यात भाचा होता. त्याने पॅकिंगचा फोम आणून दिला. त्याचा भुगा झाला. मऊ हवं, पण जुनं, धुतलेलं, तंतू न सोडणारं हवं. असं कापड फक्त गोधडीत असतं. आणि घरातल्या गोधड्यांना हात लावायचा नाही, असं काकूंनी सांगून ठेवलं होतं.

हा प्रश्न कौसाबाईने सोडवला. तोही नकळत.

कौसाबाई फुलंब्रीहून रोज सकाळच्या एसटीने येऊन आमच्या कोपऱ्यावर दही विकायची. तिचा मुलगा पोर्ट ब्लेअरला सरकारी बोटीवर नोकरीला होता. आपल्याकडे कुणी लांब निघालं की त्याच्याबरोबर पाठवायचं सामान आपोआप गोळा होतं, तसं यांचं जाणं कळताच कौसाबाई गाठोडं घेऊन ओट्यावर आली. "भाऊ, एवढी गोधडी माझ्या पोराला द्याल का? जड नाय." दुसऱ्याने बांधलेलं सामान ते एरवी घेत नसत. त्यांनी सवयीने गोधडी दाबून बघितली. मग परत दाबली. मग आत जाऊन नरडं आणलं आणि तिच्यासमोरच गोधडीत गुंडाळून बघितलं. नरडं झोपलेल्या लेकरासारखं बसलं.

तेव्हापासून दर वर्षी कौसाबाईची एक गोधडी नरड्याला घेऊन समुद्रापर्यंत जाई आणि तिच्या मुलाकडे राही. परतीला नरडं त्या मुलाच्या जुन्या चादरींत येई. पोर्ट ब्लेअरला बाराही महिने उकडतं, तिथं गोधडी लागत नाही. हे घरमालकांना माहीत होतं, मुलाला माहीत होतं, मला माहीत होतं. कौसाबाईला कुणी सांगितलं नाही. मुलाने सगळ्या गोधड्या एकावर एक रचून त्यांची गादी केली होती.

ही सोय कळल्यावर कॉलनीतल्या इतरांनीही सामान आणायला सुरुवात केली. जायच्या आधीच्या रविवारी ओट्यावर मुलाखती होत. चकली, पापड, कुरडया नामंजूर. "मोडणारी वस्तू दुसऱ्या मोडणाऱ्या वस्तूची राखण करू शकत नाय." लोणचं नामंजूर, कारण तेल. फुलवातींचा पुडा मंजूर, कारण तो चष्म्याच्या पोकळीत बरोबर बसे. एका आजींनी पाठवलेले बेसनाचे लाडू त्यांनी फार वेळ हातात धरले आणि खेदाने परत केले.

कौसाबाईची एक रीत होती. गोधडी रिकामी देऊ नये म्हणून शेवटचा कोपरा शिवायच्या आधी ती आत मूठभर जोंधळे घालायची. एका वर्षी प्रवासात तो कोपरा उसवला. त्या खेपेची हकीकत मी त्यांच्याच तोंडून ऐकली. बोटीवर तपासणी व्यवस्थित झाली होती. बरंच खाली गेल्यावर प्रत्येक श्वासाबरोबर तोंडात खारट पाण्याचा थेंब येऊ लागला. हवा बाहेर जायच्या झडपेत काहीतरी अडकलं होतं. त्यांनी बटण दाबून जोराने हवा सोडली आणि पुढच्या श्वासाला जिभेवर काहीतरी कडक आलं. त्यांनी ते दाढेखाली धरलं.

"जोंधळा," ते म्हणाले. "भिजलेला."

"मग?"

"मग काय? तोंड उघडता येत नाय तिथं. खाल्ला."

मला वाटलं, आता गोधडी बंद होणार. त्यांनी तसं काही केलं नाही. कौसाबाईला बोललेही नाहीत. चूक तिची नाही, म्हणाले. भरलेली वस्तू देणं तिची रीत आहे, तोंड उघडं ठेवलं ते आपण. पुढच्या वर्षीपासून गुंडाळण्यापूर्वी नरड्याच्या रबरी तोंडावर एक बाळाचं टोपडं घालून बंद बांधायला सुरुवात झाली. ते टोपडं कुठून आणलं हे काकूंनी विचारलं नाही. गुलमंडीतल्या दुकानदाराने मात्र नातवाला की नातीला असं विचारलं होतं आणि यांनी विचार करून "नरड्याला" असं उत्तर दिलं होतं.

मग कौसाबाईला नातू झाला.

त्या वर्षीची गोधडी लहान होती आणि वेगळी होती. कौसाबाईचा नवरा आदल्या साली गेला होता. त्याचा लग्नातला गुलाबी फेटा तिने जपून ठेवला होता, तो उलगडून तिने वरचा थर केला. "आज्याला नातू बघाया मिळाला नाय," ती म्हणाली. "फेटा तरी अंगावर पडंल." घरमालकांनी गोधडी दाबून बघितली. तलम कापड, कित्येकदा धुतलेलं. "एक नंबर," म्हणाले. फेट्याविषयी ती जे म्हणाली ते त्यांनी ऐकलं होतं. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर नातू नव्हता, नरडं होतं. हे नंतर त्यांनीच मला सांगितलं.

ठरल्या दिवसाच्या बऱ्याच आधी ते परत आले. रिक्षातून वळकटी उतरली तेव्हा रिक्षावाल्याने ती फाटकाशी धप्पकन टाकली आणि त्यांनी त्याला काही म्हटलं नाही. मी वरून बघत होतो. काहीतरी गेलं आहे, हे तेवढ्यावरून कळलं. खाली जाऊन विचारलं, नरडं गेलं का?

"नरडं हाय."

पोर्ट ब्लेअरला वळकटी पट्ट्यावर आली तेव्हा शिवण उसवलेली होती. चोराने सगळं बाहेर काढून बघितलं असावं. नळ्या, घड्याळं, वल्ही, जाकीट, नवा चष्मा, फुलवाती. यातलं त्याने काहीही घेतलं नाही. नरड्याच्या तोंडावरचं टोपडंही जागच्या जागी होतं. गोधडी तेवढी नेली. मुंबईत नेली की चेन्नईत, हे कळायला मार्ग नव्हता. तक्रार दिली. हरवलेल्या वस्तूची किंमत काय, असं तिथं विचारलं गेलं. त्यांना सांगता आलं नाही. ते रिकाम्या हाताने कौसाबाईच्या मुलाकडे गेले, बाळ बघितलं आणि समुद्रात न उतरता परत आले.

"संसारी चोर दिसतोय," काकू म्हणाल्या. "घरात लेकरू असंल त्याच्या."

त्यांना हसू आलं नाही. इतकी वर्षं त्यांची सगळी व्यवस्था एका गृहीतावर उभी होती. गोधडी कुणी चोरत नाही. आता कौसाबाईला सांगायचं होतं आणि ते उद्यावर टाकता येणार नव्हतं, कारण ती रोज सकाळी कोपऱ्यावर असे.

दुसऱ्या दिवशी ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी दह्याच्या निमित्ताने मागे होतो.

"बाई, तुमची गोधडी गेली."

"कुठं गेली?"

"चोरली. विमानातून."

कौसाबाईने माप खाली ठेवलं. स्वतःच्या गळ्याला बोट लावलं. "आन् तुमचं हे?"

"ते हाय. ते नाय नेलं."

तिने जरा वेळ हिशेब जुळवला. मग ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "म्हंजी तुमच्या समद्या सामानात माझीच चोरायजोगी निघाली व्हय?"

ही बातमी तिने त्या सकाळी प्रत्येक गिऱ्हाइकाला दिली, संध्याकाळच्या एसटीत दिली आणि फुलंब्रीत गेल्यावरही दिली असणार. विमानातून चोरी, आणि ती तिच्या गोधडीची. आमच्या दैनिकाला इतका खप कधी मिळाला नाही. पण गिऱ्हाईक नसताना घरमालक तिथंच उभे आहेत हे बघून ती हळू म्हणाली, "फेटा तेवढा एकच होता, भाऊ."

त्यांनी मान हलवली. नुकसानभरपाईबद्दल बोलायचं त्यांनी मनात आणलं होतं. ते मनातच राहिलं. घरी येऊन वळकटी माळ्यावर टाकली. टाकली, असंच काकू म्हणाल्या.

पुढे काही महिने नरडं बाहेर निघालं नाही. गॅसवाल्यासाठी तरट अंथरणं चालू होतं, पण त्यात जीव नव्हता. एका सकाळी कौसाबाई दही विकून झाल्यावर ओट्यावर आली. हातात लहान गोधडी होती, पांढरी. "धोतरं व्हती माझ्या मालकाची," ती म्हणाली. "दोन्ही घातली. ह्याच्या माघारी आता काय नाय ऱ्हायलं."

त्यांनी ती घेतली. दाबून बघितली नाही.

ती घेऊन ते पोर्ट ब्लेअरला निघाले, योगायोगाने त्याच वेळी मलाही कार्यालयाच्या कामासाठी मुंबईला जायचं होतं आणि आम्ही चिकलठाण्याहून एकाच विमानात बसलो. मे महिना होता. त्यांच्या मांडीवर ते पांढरं गाठोडं होतं. हवाई सुंदरीने ते वरच्या कप्प्यात ठेवायला मागितलं.

"नक्को," ते म्हणाले.

तिने गोड आवाजात नियम सांगितला. उड्डाणाच्या वेळी मांडीवर सामान चालत नाही. त्यांनी वर बघितलं. एक प्रवासी आपली बॅग त्या कप्प्यात गुडघ्याने रेटत होता. त्यांनी शांतपणे गाठ सोडली, गोधडी उलगडली आणि छातीवर पांघरली. लेकराची गोधडी ती, गुडघ्यापर्यंतही पुरेना.

"अब ये सामान नाय," ते तिला म्हणाले. "पांघरूण है."

तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. ती पुढे गेली.

विमान वर गेलं तरी त्यांनी गोधडी काढली नाही. कपाळावर घाम होता. मधूनमधून ते एक कोपरा बोटांनी चाचपत. आत जोंधळे होते आणि टाका घट्ट होता.

"आणि नरडं?" मी विचारलं.

"खाली हाय. पोटात."

"कशात गुंडाळलं?"

"तुमच्या पेपरात."

आमच्या कागदाची जाडी मला ठाऊक होती. खाली सामान कसं हाताळतात हे त्यांच्याइतकं कुणी मला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, पेपराने काय होणार, ते लोक टाकतील.

"टाकीनात का," ते म्हणाले, आणि गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली.